सेंटरची किंमत कशी ओळखायची: गोबेअर, ड्रमंड आणि स्कोअरशीटवर न दिसणारं काम

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू इंजिनिअरिंग कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये सेंटर (रिंगजवळ खेळणारा मोठा खेळाडू) खेळतोस, उंची ६ फूट ३ इंच, आणि तुमचे सर मॅच झाली की फक्त दोनच गोष्टी विचारतात, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) किती आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) किती. त्यात तुझा रूममेट म्हणतो की एनबीए या अमेरिकन लीगमधल्या सेंटर रूडी गोबेअरला चार वेळा बेस्ट डिफेंडर अवॉर्ड दिलाय तो निव्वळ उंचीचा, प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) आले की त्याला सगळे नाचवतात. म्हणून तुला जाणून घ्यायचंय की सेंटरचा डिफेन्स, त्याचं रिबाउंडिंग आणि टीमसाठी त्याची खरी किंमत हे नक्की बघायचं कसं.

मी स्वतः बरीच वर्षं पिव्होट म्हणजे सेंटरच खेळलोय आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि उत्तर लांब होणार आहे.

सरळ मुद्द्यावर येतो. स्कोअरशीटवर सेंटरचं जे दिसतं ते पझेशन (बॉल एका टीमकडे असण्याची एक पाळी) संपतानाचं असतं. ब्लॉक झाला, रिबाउंड घेतला, लिहिलं. पण त्याचं निम्म्याहून जास्त काम त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे समोरच्याने जो शॉट मारलाच नाही तो. क्रिकेटमध्ये बघ, जडेजा पॉइंटला उभा असला की बॅट्समन तिकडे बॉल ढकलून रन काढायला निघतच नाही, रनआऊट शून्य कॅच शून्य पण त्याने दहा-बारा रन वाचवलेले असतात आणि ते कुठेच लिहिले जात नाहीत. सेंटरचंही तेच. गार्ड (बाहेरून बॉल हाताळणारा खेळाडू) स्क्रीन (टीममेटने वाटेत उभं राहून डिफेंडरला अडवणं) वापरून आत घुसतो, समोर मोठा माणूस बरोबर जागेवर उभा दिसतो, गार्ड एक ड्रिबल जास्त घेतो आणि बॉल परत बाहेर देतो, आणि शॉट मारायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदातले सात-आठ सेकंद वाया गेलेले असतात.

याने फरक किती पडतो ते आकड्यात बघ. एनबीएमध्ये अगदी रिंगजवळचा शॉट साधारण ६५ टक्के वेळा जातो, म्हणजे एका शॉटला सरासरी १.३ पॉइंट. कॉर्नरमधला थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) ३८-३९ टक्के, म्हणजे १.१५ च्या आसपास. आणि फ्री थ्रो लाइनच्या आसपासचा, मधल्या अंतरावरचा टू-पॉइंटर ४० टक्क्यांच्या जरा वर, म्हणजे ०.८ किंवा थोडं जास्त. आता एका मॅचमध्ये तुझ्या सेंटरने समोरच्या टीमचे आठ-दहा शॉट पहिल्या प्रकारातून तिसऱ्या प्रकारात ढकलले तर चार-पाच पॉइंट वाचले, आणि त्यासाठी एकही ब्लॉक करावा लागला नाही. एनबीएत चार-पाच पॉइंट म्हणजे मधल्या फळीतली टीम आणि वरची टीम यातलं अंतर.

म्हणून डिफेन्स बघताना पहिली सवय ही लाव की काही वेळ बॉल बघूच नको, फक्त सेंटरचे पाय बघ. बॉल कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा आहे, आपल्या माणसाला चिकटून बसलाय की एक पाय पेंटमध्ये (रिंगखालच्या चौकटीत) ठेवून दोन्हीकडे नजर आहे. स्क्रीन येतोय हे तो गार्डला ओरडून सांगतो का, कारण मागून अख्खं कोर्ट फक्त त्यालाच दिसतं आणि तो गप्प राहिला की गार्ड आंधळा होऊन स्क्रीनवर आपटतो. मागे सरकताना हात वर आहेत की कमरेजवळ. पंप फेकवर (शॉटच्या खोट्या हुलकावणीवर) उडतो का. आणि शॉट कंटेस्ट करून झाल्यावर लगेच वळून कोणाला तरी पाठीवर घेतो का (म्हणजे बॉक्स आऊट, समोरच्याला पाठीने अडवून रिंगपासून लांब ठेवणं), की उडी मारली म्हणजे काम संपलं असं समजून बॉलकडे बघत राहतो.

आता ड्रॉप समजून घे, कारण गोबेअरवरचं सगळं भांडण तिथेच आहे. समोरच्या टीमने वर स्क्रीन लावला की काही टीम्स सेंटरला बाहेर आणतात, काही स्विच करतात (दोन डिफेंडर आपापली माणसं बदलतात), आणि काही सेंटरला फ्री थ्रो लाइनच्या खाली, बॉल आणि रिंगच्या मध्ये, मागे मागे सरकायला सांगतात. हा ड्रॉप. दिसायला आळशी प्रकार वाटतो पण तो करणं फार अवघड आहे, कारण सेंटरला एकाच वेळी दोन माणसं धरायची असतात, बॉलवाला गार्ड आणि रिंगकडे पळणारा स्क्रीनर, आणि आपला गार्ड स्क्रीनच्या मागून पळत येऊन परत त्याच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत ते दीड-दोन सेकंद कोणालाच न देता काढायचे असतात. लवकर पुढे गेलास तर डोक्यावरून लॉब (उंच पास), उशीर केलास तर फ्लोटर (उंच उचललेला हलका शॉट). गोबेअर ७ फूट १ इंच आणि हातांचा फैलाव जवळजवळ ७ फूट ९ इंच, पण नुसत्या लांबीवर हे जमत असतं तर प्रत्येक सात फुट्याला जमलं असतं. त्याचं खरं कौशल्य हे की तो मधल्या जागेत उभा राहून गार्ड आणि स्क्रीनर दोघांनाही शंकेत ठेवतो.

ड्रॉपमध्ये तू काहीतरी देतोसच, आणि ते म्हणजे मधल्या अंतरावरचा शॉट. मिलवॉकीने २०१८-१९ मध्ये कोच बुडनहोल्झरकडे सेंटर ब्रूक लोपेझला असंच मागे ठेवलं, ६० मॅच जिंकल्या आणि लीगमधला सगळ्यात चांगला डिफेन्स त्यांचा होता. २०२१ च्या फायनलमध्ये फिनिक्सच्या डेव्हिन बुकरने चौथ्या मॅचमध्ये ४२ आणि पाचव्यात ४० पॉइंट केले, त्यात मधल्या अंतरावरचे शॉट भरपूर, आणि फिनिक्स दोन्ही मॅच हरली. मिलवॉकीने चॅम्पियनशिप ४-२ ने घेतली. हायलाइट्स बघणाऱ्याला वाटतं की बुकरने धुतलं. पूर्ण मॅच बघणाऱ्याला कळतं की तो शॉट त्याला द्यायचा हे आधीच ठरलेलं होतं, बाकीच्या चौघांना सोपं काही मिळू द्यायचं नव्हतं.

आता रूममेटच्या मुद्द्याकडे. तो बहुतेक २०२१ बद्दल बोलत असणार, यूटा विरुद्ध क्लिपर्स. यूटा त्या सीझनला ५२-२० म्हणजे लीगमध्ये पहिले, सीरिजमध्ये २-० ने पुढे, आणि मग सलग चार हरले. सहाव्या मॅचमध्ये २५ पॉइंटची आघाडी गेली आणि क्लिपर्सच्या टेरन्स मॅनने ३९ पॉइंट मारले, तेही कवाय लेनर्ड खेळत नसताना. क्लिपर्सनी सेंटरच ठेवला नाही, पाचही जण बाहेर उभे केले, आणि गोबेअरला कॉर्नरमधल्या मॅनवर लावावं लागलं. प्रत्येक वेळी टीव्हीवर दिसायचं ते हेच की मॅन मोकळा आणि गोबेअर तीन मीटर लांबून धावत येतोय.

पण ती मॅच परत लाव आणि प्रत्येक पझेशनमध्ये पहिला कोण बीट झाला ते बघ. यूटाचे गार्ड पहिल्याच ड्रिबलवर मागे पडत होते, कोणताही स्क्रीन नसताना. बॉलवाला मोकळा रिंगकडे येतोय म्हटल्यावर गोबेअरकडे दोनच पर्याय, ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) देऊन टाकायचा की मॅनला सोडून आत यायचं. तो आत आला, बॉल कॉर्नरला गेला, थ्री पडला, आणि दोष ज्याचा चेहरा शेवटी कॅमेऱ्यात आला त्याचा. सेंटर हा शेवटचा माणूस असतो त्यामुळे पुढच्या चौघांच्या चुका त्याच्या नावावर चढतात. याचा मला खरंच राग येतो, कारण हेच मी कॉलेजच्या मॅचेसमध्ये बघतो, गार्ड हात न लावता माणूस आत सोडतो आणि मग सेंटरवर ओरडतो.

मग पुढे काय झालं ते बघ, कारण याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये मिनेसोटाने यूटाला गोबेअरसाठी चार फर्स्ट राउंड पिक्स (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, पहिल्या फेरीचे हक्क) आणि पाच खेळाडू दिले, त्यात वॉकर केसलर नावाचा ताजा ड्राफ्ट झालेला सेंटरही होता. सगळे हसले. पहिला सीझन ४२-४०, कार्ल-अँथनी टाउन्स दुखापतीमुळे बराचसा सीझन बाहेर, हसणाऱ्यांना वाटलं आपलंच खरं. पण २०२३-२४ मध्ये तोच गोबेअर, आणि पुढे जेडन मॅकडॅनियल्स, अँथनी एडवर्ड्स, निकील अलेक्झांडर-वॉकर असे खरंच बॉलवाल्याच्या पुढ्यात टिकणारे लोक. ५६ विजय, लीगमधला पहिल्या नंबरचा डिफेन्स, गोबेअरला चौथा बेस्ट डिफेंडर अवॉर्ड, डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेसच्या बरोबरीला. आणि दुसऱ्या फेरीत चॅम्पियन डेन्व्हरला सात मॅचमध्ये काढून मिनेसोटा २००४ नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या सेमीफायनलला.

माणूस तोच होता, त्याच्या पुढे उभे राहणारे बदलले. मॅकडॅनियल्स बॉलवाल्याला इतकं चिकटून खेळू शकतो कारण त्याला माहितीये मागे कोण आहे, बीट झालो तरी मागे कोणीतरी आहे या भरवशावर तो धोका घेतो. आणि गोबेअरला दर वेळी आग विझवायला जावं लागत नाही कारण पुढे आग कमी लागते.

आता त्याची कमतरता सुद्धा प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच डेन्व्हर सीरिजची दुसरी मॅच मिनेसोटाने त्याच्याशिवाय खेळली, त्याला मुलगा झाला म्हणून तो नव्हता, आणि तरीही १०६-८० ने जिंकले. आणि डॅलसविरुद्ध दुसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणांना लुका डॉन्चिचने त्याला स्विचवर बाहेर ओढला, स्टेप बॅक थ्री मारला आणि १०९-१०८ ने मॅच नेली. तो थ्रीपॉइंट लाइनच्या बाहेर डॉन्चिचसमोर एकटा टिकत नाही, हे खरंय. पण त्या जागी एकटा टिकणारे सेंटर अख्ख्या लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि एका मॅचवरून ८२ मॅचचं माप काढायचं नसतं, मग ती १०६-८० ची असो की डॉन्चिचच्या शॉटची. चार अवॉर्ड उंचीमुळे मिळाले हे मला अजिबात मान्य नाही.

ब्लॉक्सबद्दल थोडक्यात. ब्लॉक मोजणं एनबीएत १९७३-७४ पासून सुरू झालं, म्हणजे जुन्या काळातला बोस्टनचा सेंटर बिल रसेल याचा एकही ब्लॉक अधिकृत आकड्यात नाही आणि तरी त्याच्या टीमने १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप घेतल्या. रसेलबद्दल सगळे सांगतात की तो बॉल प्रेक्षकात फेकायचा नाही, आतच ठेवायचा, म्हणजे ब्लॉकनंतर आपल्याच टीमचा फास्ट ब्रेक (डिफेन्स जमायच्या आत वेगाने हल्ला). बाहेर मारलेला ब्लॉक म्हणजे बॉल परत त्यांनाच. दुसऱ्या टोकाला हसन व्हाइटसाइड बघ. २०१५-१६ मध्ये ३.७ ब्लॉकने लीगमध्ये पहिला, २०१६-१७ मध्ये १४.१ रिबाउंडने पहिला, २०१९-२० मध्ये पोर्टलँडकडून पुन्हा ब्लॉक्समध्ये पहिला, आणि त्यानंतरच्या सीझनला त्याला मिळालं मिनिमम कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे लीगमधला किमान पगार. टीम्स मूर्ख नसतात. प्रत्येक शॉटवर उडणारा सेंटर दोन ब्लॉक घेतो आणि चार वेळा आपला माणूस मागे मोकळा सोडतो, ते चार बास्केट कोणाच्या नावावर लिहिले जात नाहीत. म्हणून एखाद्याचे ब्लॉक सांगितले की मी दोन उलट प्रश्न विचारतो, तो कोर्टवर असताना समोरची टीम रिंगजवळ किती शॉट मारते आणि त्यातले किती जातात. एनबीए हे आकडे देते, रिंगपासून सहा फुटांच्या आतल्या शॉट्सचे वेगळे. किती मारले हा आकडा मला किती गेले यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता रिबाउंड. इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

नुसती सरासरी बघणं बंद कर. विल्ट चेंबरलेनने २४ नोव्हेंबर १९६० ला बोस्टनविरुद्ध ५५ रिबाउंड घेतले, समोर रसेल असताना, प्रचंडच गोष्ट आहे, पण त्या काळात एक टीम मॅचला शंभरावर शॉट मारायची आणि त्यातले ४० टक्क्यांच्या आसपासच जायचे. आता टीम ९० च्या आसपास मारते आणि ४६-४७ टक्के जातात. चुकलेले बॉलच कमी झालेत. म्हणून हिस्सा बघायचा, तो कोर्टवर असताना जेवढे रिबाउंड उपलब्ध होते त्यातले किती टक्के त्याने घेतले, आणि त्यातही डिफेन्सचे वेगळे, ऑफेन्सचे वेगळे. ऑफेन्सिव्ह रिबाउंड माझ्या मते जास्त दुर्मिळ, कारण डिफेन्समध्ये चारातले तीन बॉल तसेही आपल्याकडेच येतात, आतली जागा आपली असते.

मग पुढचा प्रश्न, त्याने रिबाउंड घेतल्याने टीमचे रिबाउंड वाढले का? आंद्रे ड्रमंड डेट्रॉइटला होता, चार वेळा लीगमध्ये पहिला, २०१७-१८ ला १६, २०१८-१९ ला १५.६, असले आकडे. हिस्सा काढला तरी तो इतिहासातल्या सर्वोत्तम रिबाउंडर्समध्येच येतो. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डेट्रॉइटने त्याला क्लीव्हलँडला दिला तो दोन खेळाडू आणि एक सेकंड राउंड पिक एवढ्यावर, आणि दीड वर्षात तो मिनिममवर खेळत होता. कारण बॉल हवेत गेला की तो जबरदस्त, पण त्याआधीचं, पिक अँड रोलमध्ये (समोरचा स्क्रीन लावून रिंगकडे पळतो तेव्हा) कुठे उभं राहायचं, हेल्पला कधी जायचं, यात टीमला त्याचा भरवसा नव्हता. शिवाय डिफेन्समधले बरेचसे रिबाउंड असे असतात की त्याने घेतला नसता तर शेजारच्या टीममेटने घेतला असता. एनबीए यासाठी कंटेस्टेड रिबाउंड वेगळा मोजते, म्हणजे बॉल घेताना समोरचा खेळाडू साडेतीन फुटांच्या आत होता का. एकट्याने हात वर करून घेतलेला आणि दोघांच्या मध्ये घुसून काढलेला यात फरक आहे.

उलट बाजूला स्टीव्हन अ‍ॅडम्स. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमाचा रसेल वेस्टब्रुक गार्ड असून १०.७ रिबाउंडची सरासरी काढून एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि सेंटर अ‍ॅडम्सचे होते ७.७. कारण अ‍ॅडम्स बॉलकडे जायचाच नाही, समोरच्या सगळ्यात दांडग्या माणसाला पाठीवर घेऊन रिंगपासून लांब ढकलत न्यायचा, आणि वेस्टब्रुक पळत येऊन बॉल घेऊन तिथूनच फास्ट ब्रेक सुरू करायचा. ब्रूक लोपेझचंही तसंच, वर सांगितलेल्या २०१८-१९ च्या सीझनमध्ये त्याची सरासरी होती ४.९, सात फुटी सेंटरची, आणि त्याचा टीममेट यानिसची १२.५. स्कोअरशीट वाचणारा म्हणेल लोपेझला रिबाउंड जमत नाही. पण त्याने आपला माणूस रोखून धरला म्हणून यानिसला मोकळा बॉल मिळाला आणि यानिसच्या हातात बॉल म्हणजे दुसऱ्या टोकाला चार ढांगांत डंक.

आपल्याकडचंच एक उदाहरण देतो. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या दोन प्रीसीझन मॅच झाल्या, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. त्या पेसर्सकडे माइल्स टर्नर आणि डोमांटास सबोनिस दोघंही होते, म्हणजे आपल्या विषयाची दोन टोकं एकाच बेंचवर. टर्नर ब्लॉक्समध्ये २०१९ आणि पुढे २०२१ ला लीगमध्ये पहिला, थ्री मारणारा, पण रिबाउंड साधारण सहा-सात. सबोनिस रिबाउंडचा राजा, पुढे २०२३, २०२४, २०२५ सलग तीन वर्षं पहिला, पासिंग सुंदर, पण रिंग राखण्यात कमजोर. पेसर्सनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिसला दिलं, तेही सॅक्रामेंटोलाच, आणि बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आला. टर्नर राहिला आणि २०२५ ला ती टीम फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेली. पण याचा अर्थ सबोनिस स्वस्तातला होता असा काढू नकोस. सॅक्रामेंटो २००६ नंतर पहिल्यांदा २०२३ ला प्लेऑफमध्ये गेलं ते त्याच्याभोवती ऑफेन्स उभारून. फक्त प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटने त्याला बाहेर मोकळं सोडून पेंट भरून टाकला, आणि रिबाउंडच्या राजासमोर केव्हॉन लूनीने एकाच सीरिजमध्ये तीनदा वीस किंवा त्याहून जास्त रिबाउंड काढले, सातव्या मॅचमध्ये २१. सीझनची सरासरी आणि सात मॅचच्या सीरिजमधलं आतलं भांडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता किंमत. इथे लोक प्लस-मायनस काढतात, म्हणजे तो कोर्टवर असताना टीम किती पुढे आणि बसल्यावर किती मागे. उपयोगी आहे पण सांभाळून वापर. त्याचा बदली खेळाडू फारच कच्चा असेल तर पहिला उगाच देव दिसतो, आणि दोघंही चांगले असतील तर दोघंही साधे दिसतात. शिवाय तो कोर्टवर असताना समोरच्यांचे थ्री किती टक्के गेले यात सेंटरचा हात फार थोडा असतो, ते बऱ्याच अंशी नशीब. ते बाजूला काढून बघ, रिंगजवळचे शॉट किती, समोरच्यांना फ्री थ्रो किती, त्यांचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड किती. हे तीन आकडे सेंटरबद्दल खरं बोलतात.

पण मी स्वतः किंमत ठरवताना एक गोष्ट जास्त बघतो, त्याला खेळता येऊ नये म्हणून समोरच्या कोचला काय सोडावं लागतं. पाचही जण बाहेर उभे करायचे म्हणजे स्वतःचा सेंटर बसवायचा, मग त्याच्या टीमचेही रिबाउंड जातात. २०२५ च्या पहिल्या फेरीत लेकर्स नेमके असे लहान झाले आणि पाचव्या मॅचमध्ये गोबेअरने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड काढले. मिनेसोटाने त्या दिवशी ४७ थ्री मारून फक्त ७ घातले आणि तरीही १०३-९६ ने जिंकून सीरिज संपवली. ४७ पैकी ७! बाकी काही चालत नसताना मॅच काढून देणारा सेंटर. २०२१ मध्ये त्याच प्रयोगाची शिक्षा यूटाला समोरच्यांना देता आली नव्हती, तेव्हा बॉल त्याच्यापर्यंत आत पोचवलाच जात नव्हता, आणि हा मला त्याच्या डिफेन्सपेक्षा ऑफेन्सचा प्रश्न वाटतो. त्याचे हात मऊ नाहीत आणि पोस्टमध्ये (रिंगकडे पाठ करून जवळून खेळताना) लहान माणसावर तो सहज पॉइंट करत नाही, त्याच्या किमतीत जे काही वजा करायचं ते इथे कर.

आणि किंमत फक्त रिंग राखण्यातूनच येते असंही नाही. डेन्व्हरचा सेंटर योकिच फार उंच उडत नाही, ब्लॉक थोडे, पण हात इतके चपळ की पासच्या वाटेत येतात, डिफेन्सिव्ह रिबाउंड पक्का, आणि रिबाउंड घेतल्या घेतल्या पुढे जो लांब पास जातो तो म्हणजे रिबाउंडचंच पुढचं अर्धं काम. २०२३ च्या प्लेऑफमध्ये एकूण पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हीत तोच पहिला होता, असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. त्याच्या डिफेन्सला दहापैकी सहा दिले तरी हिशोब पूर्ण होतो.

आता तुझ्यासाठी. तू फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी खेळतोस आणि एनबीए बघून शिकतोयस, तर तीन फरक डोक्यात ठेव. एनबीएत २००१-०२ पासून डिफेन्सिव्ह थ्री सेकंद आहे, सेंटरला माणूस नसताना पेंटमध्ये ठाण मांडता येत नाही. आपल्याकडे तो नियम नाही, त्यामुळे नुसतं आत उभं राहणं ही कला नव्हे, उलट कॉलेजचे सेंटर त्यामुळेच आळशी होतात आणि कॉर्नरच्या शूटरपर्यंत कधी पोचतच नाहीत. दुसरं, फिबात बॉल एकदा रिंगला लागला की तो रिंगवर घुटमळत असताना सुद्धा टॅप करून काढता येतो, एनबीएत नाही. ६ फूट ३ ला उडी चांगली असेल तर मॅचला एक-दोन बास्केट यातच वाचतात, आणि आपल्या मुलांपैकी फार थोडे याची प्रॅक्टिस करतात. तिसरं, पाच फाऊलला तू बाहेर आणि मॅच ४० मिनिटांची. पहिल्या क्वार्टरमध्ये ब्लॉकच्या नादात दोन फाऊल घेतलेस तर तुझा सगळा डिफेन्स बेंचवर बसला. हात सरळ वर, छाती समोर, उडी सरळ, खाली मारायचं नाही.

उंचीचं मनावर घेऊ नकोस. बेन वॉलेस कागदावर ६ फूट ९ चा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, आणि चार वेळा बेस्ट डिफेंडर झाला, २००४ ला डेट्रॉइटने धिप्पाड सेंटर शॅकिल ओनीलच्या लेकर्सना फायनलमध्ये ४-१ ने हरवलं तेव्हा मधे तोच उभा होता. तो समोरच्यांपेक्षा उंच नव्हताच, शॉट सुटायच्या आधी खांदा लावून जागा घेतलेली असायची.

पुढच्या मॅचला एखाद्या मित्राला बोर्डच्या मागून जरा उंचावरून फोनवर शूट करायला सांग आणि घरी बसून कागदावर हे लिही: बॉलवाला पेंटच्या तोंडाशी आला आणि तुला बघून परत फिरला असं किती वेळा झालं, प्रत्येक शॉटला तू कोणाला पाठीवर घेतलंस की नाही (रिबाउंड कोणालाही मिळो), स्क्रीन ओरडून सांगितलास का, आणि रिबाउंडनंतर पहिला पास किती सेकंदात गेला. व्हिडिओत आवाज येत नसेल तर गार्डला विचार, त्याला बरोबर आठवतं. हाच कागद सरांना दाखव, चांगले कोच अशा गोष्टी लगेच उचलतात. आणि चौथ्या क्वार्टरचे रकाने वेगळे ठेव, कारण दमल्यावर उडी बऱ्याच उशिरा कमी होते, बॉक्स आऊट मात्र सगळ्यात आधी सुटतो.